गळ्याभोवती काहीही बांधू नये

सुई टोचायची. लाल रक्त आलं तर पुढच्या पेशंटकडे जायचं, काळं आलं तर पळायचं. नर्स म्हणून माझ्या नोकरीची शेवटची चौदा वर्षं एवढ्यात बसतात. बाकी बदल्या, बढत्या, रजा यांत वाचण्यासारखं काही नाही. या दिवाळी अंकाच्या संपादकबाई गंगापूर रोडला राहतात. एका लग्नात पंगतीला शेजारी बसल्या होत्या, तिथे म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या कडूगोड आठवणी लिहा की!" मी म्हटलं, "गोड कमी आहेत, चालेल का?" त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय.

आधी त्या सुईचं सांगते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये नुसती गाठ काढून भागत नाही. आजूबाजूची चांगली जागाही काढावी लागते. गाल जातो, जबड्याचं हाड जातं, कधी अर्धी जीभ जाते. जे भगदाड उरतं ते बुजवायला पेशंटच्याच मांडीची कातडी किंवा पायाचं हाड आणतात. ते नुसतं शिवून चालत नाही, कारण तुकडा जिवंत राहायला हवा. म्हणून त्याची रक्त आणणारी एक धमनी आणि रक्त परत नेणारी एक शीर मानेतल्या धमनीला आणि शिरेला जोडतात. शेवईएवढ्या जाडीच्या त्या वाहिन्या, मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक दोऱ्याने. या तुकड्याला डॉक्टर फ्लॅप म्हणतात आणि पेशंट ठिगळ म्हणतात. पहिले चार-पाच दिवस हे ठिगळ जगतंय की मरतंय हे दर तासाला बघायचं असतं. रंग बघायचा, बोट दाबून बघायचं, शंका आली तर सुई टोचायची. पेशंटला ती कळतही नाही, कारण ठिगळाला संवेदना नसते.

मी त्याआधी वीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढलेली. तिथे माणूस रडत येतं आणि पेढे वाटत जातं. नाशिकमधल्याच या कॅन्सर हॉस्पिटलात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला ऑपरेशन बघायला आत उभं केलं. टेबलाच्या एका टोकाला एक टीम तोंडातली गाठ काढत होती आणि दुसऱ्या टोकाला दुसरी टीम त्याच माणसाची पोटरी उघडत होती. मी इन्चार्जबाईंच्या कानाशी जाऊन म्हटलं, "बाई, कागद बदलले वाटतं. याला तोंडाचा कॅन्सर आहे आणि हे पाय कापताहेत!" पुढे वर्षभर मला सगळे विचारायचे, "काय आहेर सिस्टर, आज तोंड की पाय?"

तो पाय दगूभाऊंचा होता. सातपूरच्या कारखान्यातले फिटर. पायाच्या हाडाचे तीन तुकडे करून, ते पट्टीवर स्क्रूने बसवून त्यांना नवा जबडा केला होता. गळ्यात श्वासाची नळी असल्यामुळे अशा पेशंटला बोलता येत नाही. आम्ही त्यांना शाळेतल्या मुलांची दगडी पाटी आणि पेन्सिल द्यायचो. बाकीचे पाटीवर 'पाणी', 'दुखतंय' असं लिहायचे. दगूभाऊंनी शुद्धीवर येऊन पहिलं वाक्य लिहिलं, 'स्क्रू किती एमएमचे?' सरांनी, म्हणजे आमच्या प्लास्टिक सर्जननी, 'दोन' असं बोटांनी दाखवलं तर त्यांनी नापसंतीने मान हलवली. त्यांना ते बारीक वाटले.

हेच दगूभाऊ आठ-नऊ महिन्यांनी तपासणीला आले. तोंड उघडायला सांगितलं आणि मी बॅटरी मारली. नव्या जबड्यावर हाडाबरोबर आणलेली पायाची कातडी होती आणि त्या कातडीला टेकून तंबाखूची गोळी ठेवलेली होती, ताजी. मी हबकलेच. दगूभाऊ मात्र शांत. "अहो सिस्टर, घाबरता काय? जुन्या बाजूला नाय लावत. ही कातडी पायाची हे. पायाला कधी तंबाखूनं कॅन्सर झालेला ऐकलाय का? अन् इथं झोंबत पण नाय." मी त्यांना काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही. त्या दिवशी मला वाटलं, माणसं इतकी मूर्ख असू शकतात, याहून मोठा धक्का आता नोकरीत बसायचा नाही. नियम सांगणारी मी शहाणी आणि मोडणारे ते अडाणी, असा माझा हिशेब सरळ होता.

मग कमलबाई आल्या.

सटाण्याच्या पुढच्या एका खेड्यातल्या, चाळिशी उलटलेल्या. लग्नाआधीपासून दातांना मिश्री लावायची सवय, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. उजव्या गालाला आतून सुरू झालेली जखम बाहेर आली होती. नवरा भास्करभाऊ, डाळिंबाची बाग असलेला, उंच, अबोल माणूस. भरतीच्या दिवशी त्याने मला एकच प्रश्न विचारला, "ताई, तिले जेवता येई ना?" मी म्हटलं, "येईल हो, भाऊ. वेळ लागेल, पण येईल." मी असं सगळ्यांनाच सांगायचे.

ऑपरेशनआधी अंगावरचं सगळं काढतात. कमलबाईंनी बांगड्या, जोडवी मुकाट काढून दिली. मंगळसूत्र काढताना त्यांनी डोळे मिटून घेतले. आमच्याकडे बाकी वॉर्डात अशा बायकांचं मंगळसूत्र मनगटाला चिकटपट्टीने बांधून देतात. आमच्या वॉर्डात तेही नको म्हणायचे, घरच्यांकडे द्या म्हणायचे.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं. गाल गेला, जबड्याचा तुकडा गेला, मानेतल्या गाठी गेल्या. मांडीची कातडी आणून नवा गाल बसवला. दुसऱ्या दिवशी तो गाल इतका छान गुलाबी होता की सर म्हणाले, "सिस्टर, याची दृष्ट काढा." सर स्वतः देव न मानणारे, तरी म्हणाले.

प्रत्येक पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर एक कागद लावलेला असायचा. 'गळ्याभोवती काहीही बांधू नये.' अक्षर माझं, लाल मार्करचं, कारण वॉर्डात माझंच अक्षर बरं. जोडलेल्या वाहिन्या मानेच्या कातडीखाली अगदी वरवर असतात. त्यातली शीर भिंतीने पातळ. ती दाबली गेली तर रक्त आत येत राहतं आणि बाहेर जायला वाट राहत नाही. ठिगळ तुंबतं, निळं पडतं आणि काही तासांत मरतं. म्हणून श्वासाची नळीसुद्धा आमच्याकडे गळ्याला फीत बांधून नाही, टाके घालून बसवायचे. ताईत, दोरा, माळ, रुद्राक्ष, मी स्वतः कित्येक जणांच्या गळ्यातून कापून काढलेत आणि वर नातेवाइकांना झापलंय.

तिसऱ्या दिवशी माझी सकाळची ड्युटी होती. दहाच्या सुमारास आमची आयाबाई दारातूनच ओरडली, "सिस्टर, चला! कमलबाईचा मालक पडला लिफ्टपाशी!" तिला किती वेळा सांगितलं होतं, पेशंटदेखत असं ओरडू नये. मी धावले. भास्करभाऊ भिंतीला टेकून बसले होते, घामाने चिंब. बायको तोंडाने खात नाही तोवर आपणही खायचं नाही, असं मनाशी धरून हा माणूस तीन दिवस नुसत्या चहावर होता. साखरपाणी पाजलं, दोन शिव्या घातल्या, जबरदस्तीने दोन पोळ्या खायला पाठवलं.

परत आले तर कमलबाई उठून बसायला धडपडत होत्या. हात सारखा गळ्याकडे जात होता. मी म्हटलं, "काही नाही झालं, उपाशी होता म्हणून चक्कर आली बाप्याला." त्यांनी पाटी ओढली. चौथीपर्यंत शिकलेल्या, अक्षर थरथरतं. 'गळा मोकळा. म्हणून ते पडले.'

मी समजावलं. त्यांनी उशीखालून एक काळी पोत काढली, दोऱ्यात ओवलेले चार काळे मणी. आदल्या दिवशी भेटायला आलेली जाऊ देऊन गेली होती. पाटीवर लिहिलं, 'बांधा.' मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. म्हटलं, मनगटाला बांधते. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि त्या रडायला लागल्या. गळ्यात नळी असलेलं माणूस रडतं तेव्हा आवाज येत नाही. नळीतून फक्त फसफस येते आणि अंग हलतं. त्यांचं बीपी चढायला लागलं, आणि बीपी चढणंही त्या टाक्यांना वाईटच.

मीही कुंकू लावणारी बाई आहे. माझा नवरा सातपूरला कारखान्यात प्रेस मशिनवर काम करायचा. त्याला घरी यायला उशीर झाला की माझाही हात आपोआप मंगळसूत्राकडे जायचा. मी इकडेतिकडे बघितलं आणि ती पोत कमलबाईंच्या गळ्यात बांधली. दोन बोटं आत जातील इतकी सैल. मनात म्हटलं, चार मण्यांनी काय होतंय! राउंडच्या आधी काढून टाकू. कमलबाईंनी माझा हात धरून कपाळाला लावला आणि पाच मिनिटांत झोपल्या.

तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधून नवा पेशंट आला आणि मी त्यात अडकले. अकरा वाजता कमलबाईंचा गाल बघितला, गुलाबी. बारा वाजता बघितला, गुलाबीच, जरा फुगलेला. गालच बघितला. मानेवर चादर होती, ती मी वर केली नाही. पोत मी विसरले होते. विसरले, यापेक्षा सभ्य शब्द मला अजून सापडलेला नाही.

एक वाजता गेले तेव्हा भास्करभाऊ दारात उभे होते. मी त्यांच्या बायकोचा गाल बघितला. जांभळासारखा निळा. सुई टोचली. काळं रक्त, आणि थेंबाथेंबाने नाही, भळकन आलं. मी फोनकडे पळाले. सर खाली ओपीडीतच होते, दोन मिनिटांत वर आले. मी त्यांच्या मागोमाग आत शिरले. कमलबाईंच्या मांडीवर पाटी होती, पुसलेली, अजून ओली.

सरांनी चादर बाजूला केली. सकाळी दोन बोटं आत जात होती, ती मान आता सुजून वर आली होती आणि काळा दोरा तिच्यात रुतला होता. सरांनी माझ्या हातातली कात्री घेतली आणि तो कापला. मणी फरशीवर पडले. मी सरांबरोबर चौदा वर्षं काम केलं, त्यांचा आवाज चढलेला तेवढाच ऐकला. "हे कोणी बांधलं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण शब्द यायच्या आत भास्करभाऊ बोलले, "मी बांधलं, साहेब."

"वाचता येतं ना? एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय भिंतीवर!"

"चुकलं, साहेब."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. ज्या बाईने तो कागद लिहिला आणि ज्या बाईने ती पोत बांधली, ती एकच बाई तिथे उभी होती. ती काहीही बोलली नाही.

कमलबाईंना पुन्हा ऑपरेशनला नेलं. शिरेत गुठळी झाली होती. सरांनी ती काढली, जोड पुन्हा केला. दोन दिवस आम्ही सगळे त्या गालाकडे डोळे लावून बसलो. तिसऱ्या दिवशी तो कडेने काळा पडला, आणि मांडीवरून आणलेला तो सुंदर गाल कापून फेकून द्यावा लागला. मग छातीची कातडी आणि स्नायू वर वळवून तिसऱ्या ऑपरेशनात भगदाड बुजवलं. ते टिकलं. पण ते जाड, ओबडधोबड. ओठ एका बाजूला ओढला गेला, तोंड जेमतेम दीड बोट उघडायचं, ते तेवढंच राहिलं. नाकातल्या नळीने जेवणाऱ्या त्या बाईला तोंडाने पेज प्यायला चार महिने लागले. सर नंतर म्हणाले होते की शीर कदाचित तशीही बंद झाली असती, शंभरात काही वेळा होतेच. मी ते वाक्य पुष्कळ वर्षं उशाला घेऊन झोपले. पण दोरा मानेत रुतलेला मी डोळ्यांनी बघितला आहे.

आणि अजून एक. दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावून सांगितलं, "सिस्टर, त्या कागदावर एक ओळ वाढवा." मी लाल मार्कर घेतला आणि माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, 'नातेवाइकांनी नियम मोडल्यास हॉस्पिटल जबाबदार राहणार नाही.' बारा कागद लिहिले. माझा हात जराही थरथरला नाही, याची मला आजही लाज वाटते.

सर, तुम्ही हा अंक दर दिवाळीला घेता आणि वेटिंग रूममध्ये ठेवता. आता वाचा.

त्यानंतर कमलबाई दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी तपासणीला येत राहिल्या. प्रत्येक वेळी माझ्यासाठी डाळिंबं. मी ती घ्यायचे. नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि खायचीही नव्हती, मी ती वॉर्डात वाटून टाकायचे. मनात एक गोष्ट घट्ट बसली होती की भास्करभाऊंनी माझ्यासाठी ते अंगावर घेतलं, ही माणसं देवमाणसं आहेत. त्या कल्पनेने मला रडूही यायचं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

मी निवृत्त झाले. गेल्या मार्गशीर्षात दोघं तपासणीला नाशिकला आली, ती पत्ता शोधत आमच्या सातपूरच्या घरी. पुन्हा डाळिंबांची पिशवी. कमलबाईंचं बोलणं आता जड आहे, ओठ पुरते मिटत नाहीत म्हणून प आणि ब निसटतात, पण माझ्या कानाला सवय आहे. मी चहा ठेवला, बशीत डाळिंब सोलून दिलं, आणि पुढ्यात बसून एका दमात सांगून टाकलं. "कमलबाई, ती पोत मी बांधली होती. मी गप्प बसले. भाऊंनी माझ्यामुळे बोलणी खाल्ली. मला माफ करा."

भास्करभाऊंनी चहाची बशी खाली ठेवली. "माहीत शे ना, ताई. बांधली तव्हा मी नव्हतो, पण हिनी पाटीवर लिहिलं. तुम्ही फोनकडे पळाल्या ना, तव्हा."

"काय लिहिलं?"

"शिस्टरनी बांधली. शिस्टरचं नाव घेऊ नका."

म्हणून ती पाटी ओली होती. गाल निळा पडलेला, श्वास नळीतून, आणि त्या अवस्थेत या बाईने माझी नोकरी वाचवली. मी उठून कमलबाईंचे दोन्ही हात धरले. "केवढं मोठं मन तुमचं! मी जन्मभर विसरणार नाही."

कमलबाईंनी हात हळूच सोडवून घेतले. त्या जरा ओशाळल्यासारख्या हसल्या, त्यांचं हसू एका बाजूनेच येतं.

"तसं नाय, शिस्टर. खोटं मोठेपण कशाला घेऊ? मला भ्या वाटलं होतं."

"कशाचं?"

"तुमचं."

त्यांनी गळ्यावरच्या नळीच्या खुणेवर बोट ठेवलं.

"दर घंट्याला तुम्ही गळ्याच्या नळीत ती दुसरी रबरी नळी घालायच्या ना, बेडका काढायला? श्वासच थांबायचा तेवढा वेळ. तुमचा हात हलका, लगेच काढायच्या. मला वाटलं, साहेब हिला बोलले, हिची नोकरी गेली, अन् ही चिडली, अन् नळी काढायला जरा उशीर केला तर? मला तर वरडायलाबी आवाज नव्हता."

हे त्यांनी राग न धरता सांगितलं, बाजारात काय भाव होता ते सांगावं तसं. मग डाळिंबाचा एक दाणा उचलून तोंडाच्या चांगल्या बाजूला सरकवला. "गोड हायेत. खा ना, तुम्ही कधीच खात नाय."

मी एक दाणा तोंडात टाकला. तो गोड होता. चौतीस वर्षं माझ्या हाताखाली माणसं निमूट पडून राहिली, आणि मी त्याला विश्वास समजत होते.